साहेबाच्या बंगल्यातली वरची खोली

सोलापुरात मिलच्या पाठीमागं, ओढ्याच्या अंगाला, एक दगडी बंगला होता. आता तिथं दुकानं आहेत. लग्न होऊन मी आले ती त्या बंगल्याच्या आवारातल्या नोकरांच्या खोल्यांत. सासरे बंगल्यावर माळी, नवरा मिलमध्ये मागावर. माझी शाळा चौथीपर्यंत. घराचा इतिहास लिहायचा म्हणजे शिकलेल्या माणसाचं काम, हे मला कळतं. पण त्या घरात काय झालं ते मी पाहिलंय, आणि पाहिलं नाही ते सासऱ्यांच्या तोंडून ऐकलंय. त्या जागेवर मडमेचं भूत होतं असं लोक अजून सांगतात. भूतबीत काही नव्हतं. म्हणून लिहिते.

बंगला बांधला मिलच्या एका गोऱ्या साहेबानं. तो इंग्रज नव्हता, स्कॉटलंडचा होता. कुणी इंग्रज म्हटलं की त्याचे कान लाल व्हायचे, असं सासरे सांगत. त्यानं घर बांधलं ते थेट आपल्या मुलखातल्यासारखं. छप्पर एवढं उतरतं की वर माकडही टिकत नसे. त्यांच्याकडं बर्फ पडतं, ते घसरून खाली यावं म्हणून तसं छप्पर करतात म्हणे. सोलापुरात घसरायला होतं काय? धूळ. भिंती जाड, खिडक्या लहान, घट्ट बसणाऱ्या काचांच्या. वरच्या मजल्याला जमीन लाकडाची. आणि खोलीखोलीत भिंतीच्या पोटात एक चूल. त्या चुलीचा धूर भिंतीतल्या पोकळीतनं वर चढायचा आणि छपरावरच्या धुराड्यातनं बाहेर पडायचा.

"दिवाणखान्यातली चूल केवढी, तर आख्खं बोकड मावंल," सासरे सांगायचे. "आन् शिजायचं काय? काय न्हाई. साहेब आन् मडम तिच्याम्होरं खुर्च्या टाकून नुस्ती बगत बसायची."

"थंडी वाजत असंल की, मामा," मी म्हणायचे.

"हितली थंडी ती केवढी! घाम यायचा दोघांस्नी. पन बसायची."

साहेब लोक गेले आणि बंगला देशी मॅनेजरकडं आला. त्यांची बायको देवभोळी. तिला त्या संगमरवरी चौकटीच्या चुली बघून देव्हाऱ्याचीच आठवण झाली. चुलीत कोण देव ठेवतं? तिनं ठेवले. पण वरनं काजळी पडायची. धुराड्यात कबुतरं बसायची, त्यांची घाण थेट देवांच्या डोक्यावर. मग तिनं गवंडी बोलावून सगळी धुराडी वरनं विटा-सिमेंटनं बुजवून घेतली. त्या विटा शिडीनं वर चढवल्या माझ्या सासऱ्यांनी. देव स्वच्छ राहिले, बाई समाधानी झाली. पुढं बंगल्याला तेलरंग दिला तो इतका जाड, की वरच्या काही खिडक्या चौकटीला चिकटल्या त्या चिकटल्याच. कुणी उघडायला गेलं नाही. बाहेर धूळच होती.

मग मॅनेजरसाठी नवा, पंख्यांचा बंगला झाला आणि हा मोकळा पडला. काही वर्षं तिथं मिलचे पाहुणे उतरायचे. पुढं कामगारांनी दवाखान्याची मागणी लावून धरली, तेव्हा मिलनं या बंगल्याचं बाळंतपणाचं घर केलं. खाली खाटा, वर दोन खोल्या. वरच्या खोलीतल्या चुलीत आता देवांच्या जागी औषधाच्या बाटल्या आल्या. मला तिथं आयाचं काम मिळालं. रक्ताची लुगडी धुणं, फरशी पुसणं, बायकांना धरणं. काम घाण होतं, पण घरापासनं चार पावलांवर होतं.

बहात्तरच्या दुष्काळात माझी धाकटी बहीण तिथं बाळंतपणाला आली.

तिला मंगळवेढ्याजवळच्या गावात दिलं होतं. जमीन चांगली, पण पाऊसच नाही तर ज्वारी कुठली? सगळं गाव खडी फोडायला जायचं. तीही जायची, पोट घेऊन. तिची दोन लेकरं आधी गेली होती. एक जन्मताच, दुसरं पाचवी पूजायच्या आधी. आता हे तिसरं. एसटीतनं उतरली तेव्हा पाय सुजून केळीच्या खुंटासारखे झाले होते आणि हाताच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या.

"आक्का, हे जगलं न्हाई तर तितं मला जागा न्हाई," ती म्हणाली. "सासूनं पोरगी बगून ठिवलीया."

"जगंल. हितं दवाखाना हाय."

"त्या म्हनत्यात, हिचं दूदच इखारी हाय."

"त्यांनी पिऊन बगितलं व्हय?"

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असावी, कारण ओठ फुटून रक्त आलं.

मुलगी झाली. बहिणीनं मुलगा का मुलगी विचारलं नाही. "रडली का?" एवढंच विचारलं. रडली होती, चांगली टाहो फोडून.

गावाकडनं आई आली. तिच्या गाठोड्यात ओवा, बाळंतशेपा आणि एवढंसं खोबरं होतं. दुष्काळात डिंक कुठला आणि तूप कुठलं? जे आणता येईल ते आणलं होतं. बहिणीच्या अंगात थोडी कणकण होती आणि खाली खोकणाऱ्या बायका भरलेल्या, म्हणून नर्सबाईंनी तिला वरची खोली दिली. बाळंतिणीला आणि पोराला उबेत ठेवा, वाऱ्यात ठेवू नका, असं सांगितलं. पौषातले दिवस. आईला तर तेच हवं होतं. आमच्याकडं बाळंतीण शेकल्याशिवाय उठत नाही. बाजेवर निजवायचं, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सारायची, अंगावर पांघरूण घालायचं, दार लावून घ्यायचं.

"सिस्टर, शेगडी लागंल की," आई म्हणाली.

"वर लाकडाची जमीन आहे, आजी. ठिणगी पडली तर सगळा बंगला पेटेल."

"पेटतीया कशी? मी काय आज शेगडी पेटवतीया व्हय? पोटच्या पोरी, सुना, जावा, सगळ्या ह्या हातानं उठवल्यात."

नर्सबाई वाईट नव्हत्या. त्याही कुणाच्या लेकीच होत्या, त्यांनाही त्यांच्या आईनं शेकलंच होतं. त्यांनी अटी घातल्या. शेगडीखाली शहाबादी फरशी पाहिजे. शेजारी पाण्याची बादली पाहिजे. गोवऱ्या चालणार नाहीत, धूर दिसता कामा नये, लोणारी कोळसा पूर्ण फुलवूनच वर आणायचा. आणि झुळकेनं ठिणगी उडू नये म्हणून दार लावलेलं पाहिजे.

आईनं सगळ्या अटी पाळल्या. सासऱ्यांनी फरशी वर नेऊन दिली, पाणी टाकून सपाट बसली का बघितलं. आगीची काळजी त्या खोलीत जेवढी घेतली तेवढी मी कुठल्या घरात घेतलेली पाहिली नाही. हवेचा विचार कुणाच्या मनात आला नाही. येणार कसा? आमच्या गावाकडची घरं मातीची, वर धाब्याचं छत, आणि छताला मधोमध सवणं, म्हणजे उजेडासाठी आणि धुरासाठी ठेवलेलं भोक. खाली शेगडी ठेवा नाहीतर चूल पेटवा, जायचं ते वर जातं. माझ्या आईचा सगळा जन्म सवण्याखाली गेलेला. घराला वर भोक नसतं हे तिला डोळ्यांनी दिसत होतं, पण त्याचा अर्थ तिला माहीत नव्हता. मलाही नव्हता.

पहिले काही दिवस चांगले गेले. वरच्या खिडकीच्या एका काचेचा कोपरा उडालेला होता. तिथनं गार वारं आत यायचं आणि आई कुरकुरायची.

"एवढा मोठा साहेब, आन् काच लावाया पैसा न्हवता त्याला?"

"साहेब मरून माती झाली, आई."

"मग तुज्या मिलवाल्यांस्नी सांग."

मी मिलच्या सुताराला सांगितलं. तो आज येतो उद्या येतो करत राहिला. मग आईनंच त्या भोकात चिंधी कोंबली आणि वरनं माती लिंपली. दाराच्या खालच्या फटीला पोतं लावलं. लिंपण तिनं नेहमीसारखं नीट केलं होतं. बोटांचे ठसे एका ओळीत उठले होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा वार होता. आंघोळ घालून, तेल लावून आईनं बहिणीला बाजेवर निजवलं आणि शेगडी सारली. पोरीला मी खाली वजनाला घेऊन गेले. रांग मोठी होती. दुष्काळात बायका दूरदूरच्या खेड्यांतनं यायच्या, कुणाचं मूल काडीसारखं, कुणाचं पोट नगाऱ्यासारखं. आई मागच्या पडवीत रेशनवर आलेल्या अमेरिकेच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी थापत बसली होती. त्या ज्वारीला ना चव ना चिकटपणा, भाकरी तव्यावर तुटायची आणि आई अमेरिकेला शिव्या द्यायची.

डॉक्टरांनी पोरीला तराजूत घातलं आणि म्हणाले, "वजन धरलंय. दूध पुरतंय आईचं."

मला वाटलं, आत्ताच्या आत्ता वर जाऊन सांगावं. तुझं दूध इखारी नाही, तराजू सांगतोय. मी जिना चढले. मागनं आई भाकरीचं ताट घेऊन आली.

बहीण झोपली होती. गाल लालबुंद झाले होते. दुष्काळात कुणाच्याच तोंडावर रंग उरला नव्हता, आणि हिच्या तोंडावर लग्नात नव्हता तेवढा तजेला आला होता.

"बग कसा रंग चढलाय," आई म्हणाली. "शेकल्याचा गुण हाय हा. निजू दे तिला."

मी पोरीला तिच्या कुशीत ठेवलं. अंग गरम होतं. खाली निखारे होते, गरम असणारच. "वजन वाढलंय गं तुझ्या लेकीचं," मी म्हटलं. ती बोलली नाही. आईनं दार लावून पोतं परत फटीला सारलं. मी भिंतीला टेकून बसले. डोकं ठणकायला लागलं. मला वाटलं उपाशीपोटी रांगेत उभी राहिले म्हणून. आईही कपाळ दाबत म्हणाली, "भाकरीच्या धगीनं डोस्कं उठलं."

आम्ही दोघी तशाच बसून राहिलो असतो. नर्सबाई डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेऊन वर आल्या म्हणून उठलो. त्यांनी दार ढकललं, बहिणीच्या मनगटाला हात लावला, मग मानेला लावला. मग खिडकीकडं धावल्या. खिडकी रंगानं चिकटलेली, हलेना. त्यांनी पाण्याची बादली उचलली आणि काचेवर मारली.

"वारं लागंल तिला!" आई ओरडली. "ओली बाळंतीन हाय! काय करताय सिस्टर?"

"पोरीला बाहेर न्या," नर्सबाई मला म्हणाल्या. "पळा."

मी पोरीला घेऊन जिना उतरले. ती मान टाकत होती. अंगणात कडुनिंबाखाली मी तिला पालथी धरून पाठीवर मारत राहिले. तिनं दूध ओकलं आणि मग रडली. वर आई रडत होती. मला दोन्ही ऐकू येत होतं.

डॉक्टर म्हणाले, कोळशाचा वायू. त्याला वास नाही, तो दिसत नाही, माणूस झोपेतच जातं. गाल लाल होतात. ते खोलीभर बघत होते. भिंतीतली चूल बघून त्यांनी विचारलं, "याला धुराडं नाही का?"

"हाय की," सासरे म्हणाले. "बुजवलंया. देवांवर घान पडत हुती."

डॉक्टरांनी वाकून चुलीत डोकं घातलं आणि वर बघितलं.

ओली बाळंतीण मेली म्हणजे लोक दारं लावून घेतात. ती भूत होऊन पोरासाठी परत येते असं मानतात. तिनं वाट चुकावी, दाणे वेचत बसावी म्हणून तिला नेताना मागं राळे टाकत जातात. गल्लीतल्या लोकांनी राळे आणले. वर्षभर ही माणसं धान्यासाठी रांगेत एकमेकांच्या उरावर बसत होती, घरात पोरांना द्यायला कुणाकडं मूठभर नव्हतं. भुतासाठी मिळाले. रस्ताभर पिवळे दाणे पडलेले. परत येताना पाहिलं तर काही बाया पदरात वेचून घेत होत्या. मी त्यांना नावं ठेवणार नाही.

तिचा नवरा आला, खांदा दिला. जाताना विचारलं, "पोरगी का?"

"पोरगी."

"बरं," म्हणाला आणि गेला. वैशाखात त्याचं दुसरं लग्न झालं.

आता प्रश्न पोरीचा होता. माझा धाकटा अंगावर पीत होता, माझ्या दुधावर तीही राहिली असती. पण आई म्हणाली, मी तिला गावाकडं नेणार.

"काय पाजशील?" मी विचारलं. "म्हशी चाऱ्याला छावणीत. हिरीत चिखल."

"साखरंचं पानी पाजीन. कुनाची तरी पाजनारी बगीन. पन ह्या घराच्या सावलीत पोर ठिवनार न्हाई. मडमेनं आईला खाल्लं, आता लेकीला खाईल."

"मडमेनं काय केलं न्हाई, आई."

"मग वारं लागलं. झोपली हुती माजी पोर, चांगला रंग आला हुता. तुज्या त्या सिस्टरनं काच फोडली आन् वारं बसलं."

"ती त्याच्या आधीच गेली हुती. डॉक्टरांनी सांगितलं की. शेगडीनं गेली."

पोर माझ्या मांडीवर होती. आईनं हात पुढं केले होते ते तसेच राहिले.

"म्हंजी मी मारली, असं म्हनतीस व्हय?"

न्हाई म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. पण न्हाई म्हटलं असतं, तर दोष घरावर गेला असता, आणि पोरीला त्या घरापासनं लांब न्यायला मग तिला कोण अडवणार? गावाकडं पोर महिनाभरही टिकली नसती. मला हे डॉक्टरांनी सांगायला नको होतं, मी रांगेतली पोरं रोज बघत होते.

"व्हय," मी म्हटलं.

तिनं हात मागं घेतले. गाठोडं बांधलं. उरलेला ओवा माझ्या उंबऱ्यावर ठेवला आणि स्टँडकडं चालत गेली. माझा नवरा मागनं पळाला, तिकिटाचं विचारलं, ती थांबली नाही.

बाळंतपणाचं घर त्याच महिन्यात बंद झालं. नर्सबाईंना काढलं. घरात भूत आहे असं मिल म्हणाली नाही, आणि नाही असंही म्हणाली नाही. भुताचा उपयोग होता. बंद धुराडी, चिकटलेल्या खिडक्या, न आलेला सुतार, हे कुणी मग विचारलं नाही. बंगल्यात दुष्काळात वाटायच्या सुकडीची आणि दूध पावडरीची पोती आली. दुष्काळ सरल्यावर मोडक्या यंत्रांचे भाग आले. मग युनियनला दोन खोल्या दिल्या, तिथं घोषणा लिहिलेले फलक रंगवायचे. मग मिल आजारी पडली, बंगल्याची दारं-खिडक्या एकेक करून चोरीला गेल्या, वरच्या लाकडी जमिनीच्या फळ्या लोकांनी जळणाला नेल्या. पोर माझ्या दुधावर आणि सरकारी पावडरीवर वाढली. गोवर झाला, त्यातनं उठली. शाळेत घातली. मला ती आई म्हणायची. लोकांनी तिला खरं सांगितलं तेव्हा तिनं मला विचारलं आणि मी आहे ते सांगितलं.

आई आली नाही. दिवाळीला नाही, माझ्या सासऱ्यांच्या तेराव्याला नाही. मी जायचे गावाकडं भावाच्या घरी, तर ती शेताकडं निघून जायची. पोरीला मी नेत नसे.

बंगला पाडायला घेतला त्या हिवाळ्यात एक दिवस दुपारी ती दारात उभी होती. एकटीच आली होती, एसटीनं. डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला. पोर शाळेतनं आली होती, उंबऱ्यात बसून चिंचोके खेळत होती. आईनं तिला हनुवटी धरून वर बघायला लावलं, उजेडाकडं फिरवलं. दंड चाचपले. तोंड उघडायला लावून दात बघितले.

"दात चांगलं हायत," ती म्हणाली.

"हायत की."

"खोकती का?"

"न्हाई."

पोर सुटून पळाली. आई भिंतीला धरून खाली बसली. बंगल्याकडनं दगड पडल्याचा आवाज येत होता, तिकडं तिनं एकदाही बघितलं नाही. मग म्हणाली, "अजून तसंच म्हनतीस?"

मी तव्यावर भाकर टाकली होती. ती उलटली. मला आता तिला अडवायचं नव्हतं, पोर जगली होती. न्हाई म्हणायला काही जाणार नव्हतं. पण ते खोटं झालं असतं, आणि ते तिलाही कळलं असतं.

"जेवून जा," मी म्हटलं.

ती जेवली. दोन भाकरी खाल्ल्या, हात धुतला, पोरीच्या डोक्यावरनं हात फिरवायला पुढं झाली, पण पोर दारामागं लपली. संध्याकाळच्या गाडीनं ती गेली. पुन्हा आली नाही.